एक नाव पेंडिंग

प्रत्येक शाळेत एक बाई अशी असते, जिला कॉम्प्युटर येतो. तिचा गुन्हा तेवढाच. हेडसरांना एकदा हे कळलं की पोर्टल नावाचं लोढणं तिच्या गळ्यात पडतं, ते रिटायर होईपर्यंत. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या शाळेत ती बाई म्हणजे रसिका नार्वेकर. माझ्या शेजारच्या चौथीच्या वर्गावर असते.

रसिका मूळची गिरगावातली. लग्नानंतर मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायला आली आणि आमच्या शाळेत लागली. काम अर्धं टाकून ती उठणार नाही. डब्यातली पोळी आणि भाजीसुद्धा बरोबर एकाच शेवटच्या घासाला संपवते. असं माणूस हेडसरांना आवडतं यात नवल नाही.

पोर्टलवर मुलाचं काय काय भरायचं असतं? नाव, जात, आधार, रक्तगट, उंची, वजन, आईचं नाव, बापाचा फोन, पत्ता, आधीची शाळा. लग्न जमवतानाही कोणी एवढ्या चौकशा करत नाही. माझं डोकं फिरायचं. लहान पोरांची एवढी माहिती हवीय कशाला, असं मी विचारलं की रसिका म्हणायची, "अगं, सरकारी आहे ते. पासवर्ड असतो त्याला." तो पासवर्ड स्टाफरूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. मी तिला दार उघडून दाखवलं, तर ती नुसती हसली.

जूनमध्ये शालू नावाची एक बाई मुलीला घेऊन आली. डहाणूकडची. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांना पॉलिश करणाऱ्या एका गाळ्यात कामाला लागली होती. मुलगी मिनल, चौथीतली. रसिकाने दाखला मागितला तशी शालू दाराकडे बघून हळू आवाजात बोलली.

"बाई, हिला बसवा वर्गात, पण त्या कम्प्युटरमध्ये नाव येवढ्यात टाकू नका. आमी कुठं हाव ते हिच्या बापाला ठाव न्हाय."

बापाचं नाव भूपेश. तो शालूला मारायचा. ती एकदा माहेरी गेली तेव्हा त्याने मिनलला शाळेतून उचलून कुठेतरी लपवलं होतं. शालूने घरी येऊन त्याचे पाय धरले, तेव्हा कुठे पोर परत दिली. आता मायलेकी कोणाला न सांगता निघून आल्या होत्या. रसिका म्हणाली, "काळजी करू नका, मी नाही टाकणार." मीही तिथेच उभी होते.

मिनल वर्गात बसायची, पण दप्तर पाठीवरून काढायची नाही. बाकाच्या अगदी काठावर, दप्तरासकट. मुलं हसायची. रसिकाने जबरदस्ती केली नाही. तिने आपल्या टेबलाजवळ भिंतीला एक हुक मारून घेतला, त्याला स्वतःची पर्स अडकवली आणि मिनलला म्हणाली, "माझी पर्स इथे एकटीच असते बघ." बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी पर्सच्या शेजारी ते निळं दप्तर लटकलेलं दिसलं. मधल्या सुट्टीत ही बातमी सांगताना रसिकाचा चेहरा असा काही फुलला होता, की मला तिचा थोडा हेवाच वाटला.

गणपतीच्या आधी वरून तगादा सुरू झाला. सगळ्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज टक्केवारी पडायची. पूर्ण झालेल्या शाळा हिरव्या, बाकीच्या लाल. हजेरीपटावर असलेल्या पण पोर्टलवर नसलेल्या एका नावासाठी, मिनलच्या, आमची शाळा लाल. आमचे हेडसर, दशरथ सर, तसे वाईट नाहीत. पण ग्रुपवर नाव लाल दिसलं की त्यांना जेवण जात नाही.

"नार्वेकर बाई, एक नाव पेंडिंग ठेवून तुम्हाला काय मिळतंय?"

"बघते सर," म्हणून रसिका वर्गावर निघून गेली. त्याच संध्याकाळी तिने मिनलचं नाव चढवलं. शालूचं बोलणं तेव्हा विसरले असते तर बरं झालं असतं, असं आता ती म्हणते. ती विसरली नव्हती. सरकारी आहे, पासवर्ड आहे, कोणाला दिसणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि बटण दाबलं.

नाव चढवलं की जुन्या शाळेकडे विनंती जाते: ही मुलगी आमच्याकडे आलीय, तुमच्याकडून सोडा. सोबत आमच्या शाळेचं नाव, गाव, सगळं. तिथल्या क्लार्कने नाव सोडलं आणि भूपेश नाक्यावर भेटला तेव्हा त्याला म्हणाला, "पोरगी भाईंदरला शिकते म्हणे, बरं झालं." क्लार्कच्या मनात काही वाईट नव्हतं. नाक्यावरचं हे बोलणं नंतर भूपेशनेच आम्हाला सांगितलं.

तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, चॉकलेटचा पुडा घेऊन. आवाज मऊ. "मी मिनलचा बाप. पोरीला न्यायला आलोय." बाप होता, कागदोपत्री त्याचंच नाव. दशरथ सरांनी त्याला खुर्ची दिली. शिपायाने वर्गात निरोप आणला तेव्हा मिनल उठली, हुकावरचं दप्तर काढलं, दोन्ही पट्टे खांद्यावर चढवले आणि रसिकाकडे बघत उभी राहिली. रडली नाही. रसिकाने मिनलला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि शालूला फोन केला.

शालू रिक्षाने आली. पॉलिशने काळे झालेले हात धुवायलाही थांबली नव्हती. मागच्या फाटकातून मुलीला नेताना ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

"तुमी बोलला होता ना बाई," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रसिका त्यांच्या खोलीवर गेली. खोलीला कुलूप होतं. शेजारणीला काही माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं.

मी रसिकाची समजूत काढायचा प्रयत्न केला. सगळ्याच शाळा हे करतात, सरांनी तगादा लावला, क्लार्क बोलला. ती म्हणाली, "शब्द मी दिला होता. पोर्टलने नाही दिला." तिने कपाटाच्या दारावरचा पासवर्ड फाडून टाकला, हुक मात्र काढला नाही. भूपेश अजून येतो. ऑफिसात बसून नम्रपणे विचारतो, मिनलचं नाव दुसऱ्या कुठल्या शाळेत गेलं का. दारात त्याची चप्पल दिसली की रसिका आधी कॉम्प्युटरची स्क्रीन बंद करते.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पोर्टलवर विनंती आली. मिनलचं नाव सोडा. कुठल्या गावाहून, ते मी इथे लिहिणार नाही. पोरगी शाळेत जातेय हे कळून रसिकाला आधी रडू आलं. मग तिच्या लक्षात आलं, की आता जुनी शाळा म्हणजे आपणच. तिने तिथे फोन लावला. मी शेजारीच बसले होते. पलीकडे कोणी तरुण बाई होती.

"हो मॅडम, आई नको म्हणत होती. पण आमचं एवढं एकच नाव पेंडिंग होतं हो."

रसिका म्हणाली, "मी नाव सोडत नाहीये. तुम्ही विनंती मागे घ्या. आई का नको म्हणाली ते तिलाच विचारा, आणि ती तुमच्याकडे आहे हे कोणालाही सांगू नका. मुलीचं काही अडत नाहीये ना?"

"नाही, वर्गात बसवलंय. पुस्तकं दिलीत."

"दप्तर कुठे ठेवते ती?"

"दप्तर? काढतच नाही मॅडम. दिवसभर पाठीला लावून बसते. सांगून सांगून दमलो आम्ही."



"सांगू नका," रसिका म्हणाली. "राहू दे तिच्या पाठीवर."

न सोडलेल्या त्या एका नावासाठी ग्रुपवर आमची शाळा पुन्हा लाल झाली आहे.