नऊ नंबरची जागा

आमच्या घरात संशय पिढीजात होता. दागदागिने पूर्वजांनी फारसे मागं ठेवले नाहीत, संशय मात्र भरपूर ठेवला. वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, दुधात पाणी आहे का ते रोज बघायची आणि पाणी नसेल त्या दिवशी जास्तच काळजीत पडायची. "आज नाही घातलं, म्हणजे गवळ्याला काहीतरी हवंय," असं तिचं म्हणणं. या बाईच्या मांडीवर मी वाढले. आता सत्तरी उलटली तरी कुणी विनाकारण गोड बोललं की मी आधी दाराची कडी लागलीय का ते पाहते.

मी आठ वर्षांची होते, तिसरीत, तेव्हा माझ्या उजव्या खुब्याचं हाड किडलं. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घालून डॉक्टरांनी मला खाटेवर आडवं केलं आणि एक वर्ष हलायचं नाही म्हणून सांगितलं. ठाण्यात तळ्याजवळच्या एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. दुखण्याचं खरं नाव क्षय, पण ते घरात कुणी उच्चारायचं नाही, कारण पुढं माझं लग्न व्हायचं होतं. विचारणाऱ्याला सांगायचं, पाय मुरगळलाय. वर्षभर मुरगळलेला पाय ठाण्यात दुसरा कुणी पाहिला नसेल. रोज सकाळी कंपाउंडर सुई टोचायला यायचा, सगळ्या चाळीला जिन्यात भेटायचा, आणि आम्ही आपले ताकाला जाऊन भांडं लपवत होतो.

त्यामुळं शाळेतल्या बाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा घरात कुणालाच आनंद झाला नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर त्या उन्हातून चालत आल्या होत्या. बारीक अंगाच्या, चष्म्याच्या, खांद्याला दोन कापडी पिशव्या. शाळेच्या वाचनालयाचं एकुलतं एक कपाट त्यांच्या ताब्यात होतं. त्या दाराजवळच्या ट्रंकेवर बसल्या आणि एका पिशवीतून खाकी कव्हर घातलेली दोन पुस्तकं काढून माझ्या उशाशी ठेवली. दुसरी पिशवी त्यांनी उघडली नाही.

"घरी राहून शिकायचं," त्या म्हणाल्या. "तुझी जागा वर्गात तशीच ठेवलीय. नऊ नंबर तुझाच."

मग त्यांनी खेळ समजावून सांगितला. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला आतून कागदाचा खिसा चिकटवलेला होता. पुस्तक वाचायचं, एक चिठ्ठी लिहायची आणि खिशात घालायची. कधी गोष्टीचा शेवट बदलायचा, कधी गोष्टीतल्या कुणाला तरी प्रश्न विचारायचा, कधी चित्र काढायचं. पुस्तक वर्गात गेलं की दुसरं कुणीतरी त्या चिठ्ठीला उत्तर लिहिणार. नाव घालायचं नाही, फक्त हजेरीचा नंबर. "चिठ्ठ्या मी वाचणार नाही. त्या तुमच्या तुमच्यात," असंही त्यांनी सांगितलं.

आईनं चहा विचारला. बाई नको म्हणाल्या आणि पंधरा मिनिटांत उठल्या.

"चहा नको म्हणणारी बाई," आत्या दार लावत म्हणाली. "हिच्या पोटात काहीतरी आहे. बघ हं, दुखणं कसलं ते हुडकायला आलीय."

मला तेव्हा आत्याचं पटलं. पण पुस्तकं उशाशी होती आणि वर्षभर छताकडे बघत पडायचं होतं. मी वाचलं. एका पुस्तकात कुंभाराचं गाढव ओढा ओलांडायला नकार देतं अशी गोष्ट होती. मी चिठ्ठी लिहिली, "गाढवाचं बरोबर होतं. ओढ्याला पूर येणार हे त्याला कळलं असेल. नं. ९."

पुढच्या शनिवारी खिशात उत्तर. मोठ्या गोल अक्षरात, "गाढव आळशी होता. त्याला पूर कसला कळतोय! तू पण आळशी आहेस का? नं. ३१."

मला इतका राग आला की आईनं भरवलेला भात मी थुंकला. आणि इतका आनंद झाला की रात्री झोप येईना. माझ्याशी भांडणारं कुणीतरी होतं. घरात तर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे.

मग चिठ्ठ्या सुरूच झाल्या. एकतीस नंबर भांडखोर. बारा नंबरचं अक्षर बारीक, तो विनोद करायचा. सत्तावीस नंबर तिरपं लिहायची आणि गोष्टीत कुणी मेलं की तिला रडू यायचं. मी त्यांचे चेहरे आठवून पाहायची, पण वर्गात मी जेमतेम दोन महिने बसले होते. शनिवारची दुपार झाली की मी जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून पडायची. वर्गात आपली जागा आहे, ती रिकामी आहे आणि तिच्याकडे बघून कुणाला तरी आपली आठवण होते, एवढ्यावर मी ते दिवस ढकलले. बाकी कशावर माझा विश्वास नव्हता. डॉक्टर वर्ष म्हणाले होते, तेही मला खोटंच वाटायचं.

पहिला संशय आत्यानं घेतला. एका शनिवारी तिनं पुस्तक नाकाशी नेलं आणि लांब फेकलं. "सुकट! याला सुकटीचा वास येतोय."

"वर्गात सगळ्या प्रकारची मुलं असतात," आई म्हणाली.

"असतील. पण दर आठवड्याला सुकटवाल्याकडेच कसं जातं पुस्तक?"

मी आत्याकडे लक्ष दिलं नाही असं दाखवलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तक हुंगायला लागले. वास असायचाच.

मग चित्रांचा खेळ आला. बाईंनी सांगितलं, वाचताना तुम्ही जिथं असता तिथून काय दिसतं ते काढा. मी आमच्या फळीचं चित्र काढलं. माझ्या डोक्यावर भिंतीत ती फळी होती. चहाच्या खोक्याच्या लाकडाची, म्हणून तिच्या खालच्या बाजूला काळे आकडे छापलेले होते. पुढच्या तीन आठवड्यांत तिघांची चित्रं आली. ती मी प्लास्टरवर शेजारी शेजारी मांडली आणि दुपारभर बघत बसले.

बारा नंबरनं कौलं आणि वासे काढले होते. सत्तावीस नंबरनं फळी काढली होती, आणि फळीच्या तळातून बाहेर आलेली खिळ्यांची टोकं. एकतीस नंबरनं दार काढलं होतं, दाराच्या चौकटीवर अधिकचं चिन्ह, आणि दारातून आत येणाऱ्या बाईचे पाय मोठे, डोकं लहान.

हिंडत्याफिरत्या मुलाला फळीची खालची बाजू दिसत नाही. वासे मोजायला त्याला वेळ नसतो. माणसाचे पाय मोठे आणि डोकं लहान, हे फक्त खाली पडलेल्याला दिसतं. वर्गातल्या तीन मुलांनी आडवं पडून चित्रं काढली? ते शक्य नव्हतं. मग कुणी काढली? आडवं माणूस मला एकच माहीत होतं, ते म्हणजे मी. आणि माझं चित्र आधी गेलं होतं. म्हणजे कुणीतरी ते बघून, तसंच काहीतरी काढून मला परत पाठवत होतं. बाई! चिठ्ठ्या वाचणार नाही म्हणणाऱ्या बाईच सगळ्या चिठ्ठ्या लिहीत होत्या.

तेवढ्यात आत्यानं एकतीस नंबरचं चित्र उचललं. "हे अधिक नव्हे. हा क्रूस आहे! बाटवायला निघालीय ही बाई. दुखणाईत पोर बघून बरोबर हेरलंन."

बाटण्याचं मला काही वाटलं नाही. पण वर्ग खोटा, बारा खोटा, सत्तावीस खोटी, माझा एकतीसही खोटा, मग जागाही खोटीच. कीव आली म्हणून बाई रात्री घरी बसून माझ्याशी भांडत होत्या. रडले असते तर आई आली असती, म्हणून मी उशी चावली. मग पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं, "बारा, सत्तावीस आणि एकतीस एकच आहेत. तुम्ही खोटारड्या आहात. मला कुणाची कीव नको. वर्गात माझी जागा नाही हे मला माहीत आहे. नं. ९." खिशात चिठ्ठी घालून मी पुस्तक बाईंच्या हातात दिलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. त्यांनी ते नेहमीसारखं पिशवीत टाकलं. नाटक छान करतात, असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी खिसा रिकामा. त्याच्या पुढच्या शनिवारीही. चोर पकडला गेला, असं मी मनात म्हणायची, पण जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. चौथ्या शनिवारी बाई ट्रंकेवर न बसता खाटेच्या कडेला बसल्या.

"तू काय लिहिलंस तिला?"

"कुणाला?" मी म्हटलं. "तुम्हीच तर लिहिता सगळं."

बाईंनी चष्मा काढला. मग आत्या आणि आई समोर असतानाच त्यांनी सगळं सांगितलं. माझं दुखणं शाळेत आधीच कळलं होतं. त्या घरात गेलेलं पुस्तक आमच्या मुलांच्या हातात नको, अशी काही पालकांची तक्रार आली आणि हेडमास्तरांनी कपाटातली पुस्तकं बाहेर न्यायला मनाई केली. तेव्हा बाईंनी स्वतःची आठ पुस्तकं काढली, त्यांना खिसे चिकटवले आणि ती दोनच घरांत फिरवायला सुरुवात केली. एक आमचं. दुसरं बाळकुमच्या पुढं, खाडीच्या बाजूला, एका ख्रिस्ती शेतकऱ्याचं. त्याची मुलगी बापाच्या भाजीच्या गाडीतून आमच्याच शाळेत यायची. चौथीत असताना पाठीच्या हाडानं तीही आडवी झाली. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

"तिला वाटत होतं का, वर्ग खरा आहे म्हणून?" मी विचारलं.

"नाही गं. तिला मी पहिल्याच दिवशी तुझ्याबद्दल खरं सांगितलं. ती म्हणाली, बाई, एकटीच्या चिठ्ठीनं तिला वर्ग कसा वाटेल? मीच सगळा वर्ग बनते. चाळीस जण व्हायला निघाली होती. मी तिघांवर थांबवली."

"आणि आता?"

"आता ती भिंतीकडे तोंड करून पडते. पुस्तक तसंच परत देते."

"आणि शाळेतली माझी जागा?"

"ते तू चालायला लागलीस की बघू," बाई म्हणाल्या. "आता खोटं नाही बोलवत मला."

मला इतकी लाज वाटली की प्लास्टरच्या आत घाम फुटला. दोन वर्षं पाठीवर पडलेल्या मुलीनं माझ्यासाठी तीन अक्षरं बसवली होती, आणि मी तिला खोटारडी म्हटलं होतं. माफी मागायची रीत आमच्या घरात नव्हती, त्यामुळं कशी मागतात ते मला ठाऊक नव्हतं. पुढचे दोन शनिवार मी चिठ्ठ्या लिहिल्या आणि फाडल्या. मग प्लास्टर निघालं आणि मी घरात सांगितलं, मला तिच्याकडे जायचंय.

पुढच्या शनिवारी वडिलांनी टांगा केला. आत्या आपणहून चढून बसली. "बाटवलंन तर साक्षीला कुणीतरी हवं," ती म्हणाली. बाई पुढं टांगेवाल्याशेजारी. माझ्या काखेत नवी कुबडी होती.

एकाच खोलीचं कौलारू घर. कोपऱ्यात धूर सोडणारी चूल. दारावर क्रूस, वर वासे, फळीतून आलेली खिळ्यांची टोकं, हे सगळं मला पाठ होतं. मुलगी माझ्यापेक्षा मोठी होती, बारा-तेरा वर्षांची, गळ्यापासून खाली प्लास्टरमध्ये. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या कुबडीकडे पाहिलं, आणि परत भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या आईनं आत्याला केळं दिलं. आत्यानं ते आधी हुंगलं आणि मग खाल्लं.

मी खाटेपाशी उभी राहिले. भिंतीवर, तिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, खिळ्यानं ओरखडून चार आकडे लिहिलेले होते. नऊ, बारा, सत्तावीस, एकतीस. प्रत्येकापुढं उभ्या रेघा. ती दर शनिवारी हजेरी घेत होती. बारा, सत्तावीस आणि एकतीसच्या रेघा सहा शनिवार आधी थांबल्या होत्या. नऊच्या थांबल्या नव्हत्या.

माझा स्वभाव जाईना. मी येणार म्हणून बाईंनी निरोप धाडला असेल, हिनं आज सकाळीच त्या सहा रेघा ओढल्या असतील, असं माझ्या मनात आलंच. मी वाकून बघितलं. ताजा ओरखडा पांढरा दिसला असता. शेवटची रेघ जराशी उजळ होती, तिच्या आधीची थोडी मळकट, आणि मागं मागं जावं तसा एकेका रेघेत चुलीचा धूर जास्त बसत गेला होता. प्रत्येक रेघ आपापल्या शनिवारची होती.

तिला माझं वाकणं कळलं असावं. भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "बघतेस काय? मना वाटला तू येणार नाय. हजर बोल."

"हजर," मी म्हटलं.

तिनं उशाखालून खिळा काढला आणि नऊपुढं त्या सहांच्या शेजारी सातवी रेघ ओढली. मग जरा थांबून एकतीसपुढंही एक ओढली.