पडद्यावरच्या अक्षता

वडीगोद्रीला हायवेला लागून अबुबकरचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाची शूटिंग, मिक्सिंग. पण मागच्या उन्हाळ्यापासून त्याच्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं, आणि ते कशाचंच नव्हतं.

सापडलं ते चुकून. अंकुशनगरच्या एका लग्नात त्याच्या कॅमेऱ्यातलं सगळं स्टेजशेजारच्या एलईडी पडद्यावर थेट दिसत होतं. मंगलाष्टकं चालू असताना तो घाम पुसायला वळला, त्याच्याबरोबर खांद्यावरचा कॅमेराही वळला आणि त्या पडद्याकडेच बघू लागला. पडद्यात पडदा, त्यात पडदा, आत आत उतरत जाणारी उजेडाची विहीर. तेवढ्यात 'सावधान' झालं. रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता कॅमेरा आणि पडद्याच्या मधून उडाल्या आणि विहिरीत एकेका दाण्याची रांग लागली. गुलाबी, पिवळी, हिरवी, वळत, पेटत जाणारी.

"अरे, नवरी कुठं गेली?" मागून लोक ओरडले. त्यानं घाबरून कॅमेरा फिरवला. घरी गेल्यावरही ती विहीर त्याच्या डोळ्यांपुढून हटेना.

मग घरातल्या टीव्हीसमोर कॅमेरा लागला. त्याची आई इमामबी मुठीनं ज्वारी टाकायला बसली.

"अनाज उडाने का काम लगाया रे तूने. शादी किसकी है?"

"अम्मी, थोडा ऊपर से."

"और ऊपर? छत पे चढूं क्या?"

तिचीच परात त्यानं उपडी घातली, खाली माईक ठेवला, माईकची वायर कॉम्प्युटरला जोडली. दाणा परातीवर पडला की टण वाजायचा, कॉम्प्युटर तो आवाज लांबवून परत परत सोडायचा आणि आवाजाबरोबर पडद्यावरचे रंग फिरायचे. सगळं जमलं. पण एका मुठीत ती विहीर भरेना. भरला मांडवच पाहिजे होता.

वाटूरची प्रांजली स्वतःच्या लग्नाची शूटिंग ठरवायला आली, सोबत तिचे मामा पुंजाराम. अबुबकरनं तिला मोबाईलवर घरी केलेली ज्वारीची शूटिंग दाखवली.

"हे कशाचं आहे?"

"कशाचंच न्हाई, ताई."

"मंग इतकं भारी का दिसून राह्यलंय?"

त्यानं सरळ मागितलं, "एक अष्टक मला द्या. तेवढ्यापुरता पडदा माझा. तुमची शूटिंग दुसऱ्या कॅमेऱ्यावर चालूच राहील."

"मागच्या लोकायला पडद्यावरच लग्न दिसतं," पुंजाराम म्हणाले. "तिथं ज्वारी दाखवता का? गडबड झाली तं वाटूरमधी तुमची शूटिंग बंद."

"मामा, तुम्ही थांबा. अबुभाई, शेवटच्या आधीचं तुमचं. पण शेवटच्याला माझं तोंड दिसलं पाहिजे. मेकअपला जालन्याहून बाई येऊन राह्यलीय."

"बराबर दिसंल. बिलकुल."

गोरज मुहूर्त होता. आभाळ तांबूस होऊन विझत चाललं होतं, पडदा उजळत चालला होता. स्टेजपुढं उपडी परात, तिच्याखाली माईक. शेवटच्या आधीचं अष्टक आलं आणि अबुबकरनं कॅमेरा वळवला.

नवरी गेली. विहीर उघडली.

"सावधान!"

मांडवभर हात उडाले. परात कडाडली, तो आवाज वितळून लांब झाला, पुन्हा आला, पुन्हा, आणि पडद्यात रंगांचे पट्टे सापांसारखे एकमेकांत शिरू लागले. त्यानं पाहिलं होतं त्याहून हे कितीतरी खोल होतं.

सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. मग मागच्या एका म्हातारीनं उरलेली ज्वारी फेकली, रंग हलले आणि ती हसली. झालं! जो तो फेकू लागला. भटजी थांबले.

"ओ शूटिंगवाले!" नवरीच्या पाठीशी उभे असलेले पुंजाराम ओरडले. अंतरपाट सुटेपर्यंत मामाला जागा सोडता येत नव्हती, नाहीतर ते धावूनच आले असते. "बंद करा ते! शेवटच्याला काय फेकायचं लोकायनी? माती?"

खरंच सगळ्यांचे हात रिकामे झाले होते. लोक खाली वाकले, गालिच्यावरची ज्वारी गोळा करू लागले. भटजींनी शेवटचं अष्टक धरलं.

अबुबकरला कॅमेरा वळवावासा वाटेना. हे पुन्हा मिळणार नव्हतं. पण शब्द दिला होता. त्यानं कॅमेरा नवरीवर फिरवला. विहीर मिटली. पडदाभर प्रांजली.

अंतरपाट सुटला. हार हातात धरून प्रांजली नवऱ्याकडे पाहतच नव्हती. पडद्यावर स्वतःचं तोंड बघून तिनं तोंड वाकडं केलं, आणि कॅमेऱ्याकडे बघत हातानं खूण केली: फिरवा.

"ताई, मेकअप..."

"बघितला सगळ्यायनी! फिरवा जल्दी!"

त्यानं कॅमेरा फिरवला. गोळा केलेली ज्वारी पुन्हा उडाली. आता मोकळे झालेले पुंजाराम तरातरा स्टेजवरून उतरले, परातीपाशी आले, वाकले. आता हे वायर उपटणार, असं अबुबकरला वाटलं. मामांनी खालची मूठभर ज्वारी उचलली आणि जोरात परातीवर हाणली.

पडदा पेटला.