मामांचं पत्र आणि माझी कात्री

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत केबल टीव्ही आला, त्याच वर्षी मामा आखातात नोकरीला गेले. इथे घराघरांत एकदम डझनभर वाहिन्या बडबडू लागल्या आणि मामांना तिकडे काम मिळालं ते बातम्या झाकण्याचं! बाहेरदेशांतून येणाऱ्या मासिकांत सरकारला न आवडणारा मजकूर, बायकांचे उघडे दंड, जे दिसेल त्यावर जाड काळं पेन फिरवायचं. दिवसभर. मामी मात्र शेजारणींना ऐटीत सांगायची, "आमचे हे पेपरात आहेत." खोटं कुठे होतं?

तिथून निघणारी पत्रंही तपासली जात. तपासणाऱ्याला तमिळ यायचं, म्हणून मामा मराठीत लिहीत, देवनागरीत. आम्ही तंजावूरचे मराठी, घरात मराठीच बोलायचो, पण मामीला वाचता यायचं ते फक्त तमिळ. गल्लीत देवनागरी वाचणारी मी एकटी, हिंदीच्या परीक्षांची कृपा. त्यामुळे दर महिन्याला ओट्यावर माझा प्रयोग लागायचा. मी हातवारे करत, आवाज चढवत पत्र वाचायची आणि मामी डोळे मिटून ऐकायची.

पोंगलला मामा रजेवर येणार होते. मामीने त्यांच्यासाठी डबाभर वडाम, तांदळाचे पापड, वाळवून ठेवले होते. आणि पत्र आलं. दुसऱ्याच परिच्छेदात वाईट बातमी होती. एक पान काळं करायचं राहून गेलं होतं, साहेब संतापले होते, पासपोर्ट अडकवून ठेवला होता. रजेचं काही खरं नव्हतं.

मी तेवढं सरळ गाळलं आणि दिलं ठोकून, "इथली हवा छान आहे. खजूर तर काय गोड!"

मामीने एक डोळा उघडला. "खजूर? त्यांना त्याचा वाससुद्धा सोसत नाही गे."

"तिकडे जाऊन आवडायला लागला असेल."

"आणि चार पानं दोन पानांच्या वेळात संपली? नवरा तिकडे पानं काळी करतो, भाची इकडे. त्यांना पगार तरी मिळतो. तुला कोण देतं?"

मग मी सगळं वाचायला घेतलं, ओळीवर बोट ठेवून. मामीची नजर त्या बोटावर. पासपोर्टच्या ओळीवर तिने माझं बोट धरलं.

"कुठलं पान राहिलं?"

तेही लिहिलं होतं. पान होतं एका नटीचं. पण समोरच्या पानावर आमच्या जवळच्याच तिरुवैयारूच्या कावेरीचा फोटो होता, दुथडी भरलेली. मामा ती बघत बसले आणि पेन हातातच राहिलं.

"कावेरीच बघत होते म्हणे!" मामी पदराने डोळे पुसत हसली.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन माझ्यासमोर बसली. "शिकव."

पुढच्या पत्राआधी तिला बाराखडी आली होती. ते पत्र तिने माझ्या हाती दिलंच नाही. एकेक अक्षर पुटपुटत, सगळी दुपार घालवून तिने ते वाचलं.

"काय लिहिलंय?" मी अधीर.

"पासपोर्ट मिळाला. पोंगलला येतात."

"आणि पुढे? अजून दीड पान आहे की!"

मामीने उरलेल्या मजकुरावर दोन्ही तळहात पसरले. चेहरा लाल.

"तेवढं काळं झालं समज," ती म्हणाली.