लिलावातली होडी आणि चौथा वाटा

आधीच सांगून ठेवतो — भूतखेत, चकवा, अंगात येणं, यातलं मला काही पटत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर नोकरी केली. स्वतः मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवयच नाही. कोणी असले किस्से सांगायला लागलं की मी उठून जायचो. हेसुद्धा मुलगी हात धुऊन मागे लागली म्हणून लिहितोय.

गोष्ट एक्क्याण्णव-ब्याण्णवची. पनवेलला खाडीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो — मी, बायको, मुलगी आणि माझे बाबा. आम्ही आगरी. बाबांचा जन्म मिठागरात आणि खाडीवर गेला. मग जमीन गेली, मिठागर गेलं आणि आदल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून बाबा गॅलरीत बसून राहायचे. बोलणं बंद. पुढे विसरायला लागले. चहात मीठ घातलं, एकदा तर खालच्या बिऱ्हाडात जाऊन ताटावर बसले. डॉक्टर म्हणाले, "वयाचं आहे. गॅस आणि पाणी, दोन्हीपासून लांब ठेवा."

आणि मी काय केलं... होडी घेतली.

गेलो होतो स्कूटर घ्यायला. एका पतसंस्थेने कर्जात जप्त केलेल्या वस्तूंचा लिलाव ठेवला होता. दोन स्कूटरी, पिठाची गिरणी, शिलाई मशिनं आणि कोपऱ्यात टायरांवर टेकवलेली एक लाकडी होडी. मालक वारला, कर्ज थकलं, म्हणून ओढून आणलेली. बाबांना घरी एकटं नको म्हणून सोबत नेलं होतं. स्कूटरींकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. होडीजवळ गेले, फळीवरून हात फिरवला आणि कित्येक महिन्यांनी स्वतःहून बोलले, "सागाची हाय. कुनी घेत नाय काय हिला?"

कोणी बोलीच लावेना. मी हात वर केला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फक्त रविवारी, आणि तुम्ही बरोबर असाल तरच. त्यांच्या हातून एक जरी घोळ झाला ना, तर होडी विकायची." मी कबूल झालो.

पहिल्या रविवारी बाबांना वल्हं मारताना पाहिलं आणि मला भरून आलं. हा माणूस मी विसरूनच गेलो होतो. मासळी मारून काठाला लागल्यावर गोणपाट अंथरून ते वाटे घालायला बसले. आमच्याकडे रीत अशी, की होडीत जितकी माणसं तितके मासळीचे वाटे, आणि वर एक होडीचा. तिच्या वाट्यातून तिची डागडुजी. मी म्हटलं, "बाबा, आपण एका घरातले, वाटे कशाला?"

"घरात तू पोरगा. पान्यावर भागीदार," ते म्हणाले.

म्हणजे वाटे हवेत तीन. बाबा पाटीतून मूठमूठ मासळी टाकत गेले. पाटी रिकामी झाल्यावर बघतो तर चार.

"तीन हवेत बाबा."

"तीनच घातले," म्हणाले. मग बोटाने मोजले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले.

दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारीही चार. मी चिडलो... खरं म्हणजे घाबरलो होतो, पण मला घाबरलो की चिडायचंच कळतं. भर काठावर, चार लोकांत त्यांना म्हणालो, "तीनसुद्धा मोजता येत नाहीत का आता?" ते मासळी पुन्हा पाटीत भरू लागले. मग हळूच म्हणाले, "होरी इकनार काय रं?" माझ्या त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या रविवारी म्हटलं, मी घालतो. मोठ्याने म्हणत घालू लागलो — तुमाला, मला, होरीला. तुमाला, मला, होरीला. दिवसाढवळ्या, डोळे उघडे ठेवून. पाटी संपली, आणि गोणपाटावर चार वाटे होते. चारही सारखे. मी बोट लावून पुन्हा मोजले. बाबांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात आमची मासळी विकत घेणाऱ्या कोळीवाड्यातल्या मावशी आल्या. वाट्यांकडे बघून सहज म्हणाल्या, "हसुरामचा वाटा चालू ठेवलात, बरा केलात."

"कोण हसुराम?"

त्यांनाच नवल वाटलं. होडीचा आधीचा मालक धर्मा, आणि हसुराम त्याचा भागीदार. हसुरामला लकवा मारला, त्याने अंथरूण धरलं. धर्माने दुसरा माणूस घेतला, पण हसुरामचा वाटा कधी बंद केला नाही. वर्षानुवर्षं दर खेपेला एक वाटा त्याच्या घरी जायचा. धर्मा वारला, होडी जप्त झाली, तेव्हा तो वाटा थांबला. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लिलावाच्या कागदावर धर्माचं नावसुद्धा नव्हतं.

बाबांनी चौथा वाटा पाटीत भरला. हसुरामचं घर दोन गल्ल्या सोडून. तो खाटेवर पडलेला, उजवं अंग गेलेलं. बाबांनी पाटी त्याच्या उशाशी ठेवली आणि म्हणाले, "धर्मानं धाडलाय."

हसुरामने डावा हात मासळीवर ठेवला आणि रडायला लागला. त्याची बायको जनाबाय म्हणाली, "हे रोज बोलायचे, धर्मा इसरनार नाय. मीच बोलायची, मेलेला मानूस काय आननार..."

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने पुन्हा होडी विकायचं नाव काढलं नाही.

त्यानंतर दीडेक वर्ष दर रविवारी चार वाटे पडले, कोणीही घालो. आम्ही त्यावर बोलणंही सोडलं. बाबांचं विसरणं वाढतच गेलं, डॉक्टर काही चुकले नव्हते. कधी मला माझ्या काकाच्या नावाने हाक मारायचे.

मग एका रविवारी वाटे तीनच पडले. बाबांनी मोजले, पुन्हा मोजले. मी पाटी उलटी करून पाहिली. थोड्या वेळाने मावशी आल्या, रिकाम्या हातांनी. "हसुराम गेला, पहाटे," म्हणाल्या.

मी गोणपाट आवरायला घेतलं. बाबांनी माझा हात धरला. स्वतःच्या वाट्यातून मूठभर उचललं, माझ्यातून उचललं, होडीच्या वाट्यातून उचललं, आणि बाजूला चौथा वाटा घातला.

"बाबा, तो गेला ना आता?"

"जनाबाय हाय ना," ते म्हणाले. मग मावशींकडे वळले. "हा इक आनि तिला तांदूल नेऊन दे. सुतकात मासली चालत नाय."

आधीचे चौथे वाटे कोणाच्या हाताने पडले, ते मला आजही सांगता येत नाही. डोकं खाजवून थकलो. त्या रविवारपासूनचे मात्र बाबांनी घातले, आणि बाबा गेल्यावर मी... जनाबाय होती तोवर.