भरदिवसा लागणारे तीन दिवे

ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि अमरावतीतल्या एका पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका अर्ज घेऊन आल्या. बाई घरात एकट्याच राहत. गुडघ्यांमुळे सारखं उठणं जमत नसे, म्हणून पुण्यातल्या मुलाने मोबाईलवरून लागणारे दिवे बसवून दिले होते. हे दिवे ज्या छोट्या डबीच्या हुकमाने चालतात तिला हब म्हणतात. महिन्यापूर्वी जुना हब काढून नवा बसवला, आणि तेव्हापासून हॉलमधले तीन दिवे भरदिवसा आपोआप लागत आणि विझत.

"गल्लीतले म्हणतात भानामती हाये," बाई म्हणाल्या. "साहेब, मले भुताचं भेव नाई. कोनी मानूस करून राहिला असंन, तर त्याचं हाये."

अर्ज चौकशीवर घेतला. संशय हब बदलणाऱ्या इलेक्ट्रिशियनवर होता. चांदूर बाजारकडचा, तिशीतला मुस्लिम तरुण. पासवर्ड त्यालाच ठाऊक. गल्लीने निकाल केव्हाच लावला होता; कोणी त्याला कामाला बोलवत नव्हतं. त्यातच ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. काम झालं त्या दिवशी तो बाईंच्या घरातून पिशवीत काहीतरी घेऊन निघाला आणि थेट अकोल्याच्या एसटीत बसला.

त्याला बोलावून घेतलं.

"जुना हब कुठे आहे?"

"भंगारात टाकला, साहेब."

"आणि अकोल्याला कशाला गेला होतास?"

"असंच."

मान खाली, हात घट्ट आवळलेले. म्हाताऱ्या बाईला घाबरवून घराबाहेर काढायचा हा कोणाचा तरी डाव आहे, असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

सायबर कक्षातल्या आमच्या महिला शिपायाने बाईंचा मोबाईल तपासला. ती म्हणाली, "सर, तीन दिवे नव्या हबला जोडलेत, पण जुन्या खात्यातून काढायचे राहिलेत. दोन्हीकडचा हुकूम ऐकतात. आणि जुना हब या क्षणाला चालू आहे. दिवेसुद्धा रोज दहा ते अकरा आणि चार ते पाच, एवढ्याच वेळात लागतात."

डाव खेळणारा माणूस असं वेळापत्रक पाळत नाही. मी चहा मागवला, दार लोटलं आणि त्या इलेक्ट्रिशियनसमोर बसलो.

"हब भंगारात नाही. कोणाला सांभाळून घेऊन राहिला तू?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपाले, साहेब. मोठ्या बहिनीले. अकोल्याले राह्यते. लकवा मारला, उजवा हात चालत नाई. डॉक्टर म्हने, रोज सकाळ-संध्याकाळ बोटं हालवाचा सराव करा. बाईच्या पोरानं फोनवर सांगतलं होतं, जुना हब फेकून दे. मी फेकला नाई. संगं आलेल्या बटनासकट आपाच्या खाटेजवळ लावला, तिथंच एक दिवा जोडून देल्ला. बटन दाबलं का दिवा लागते. दिवा लागला का ते हासते."

"मग आधी कावून नाई सांगितलं?"

"न विचारता नेला ना. तुमी जप्तीले तिच्या दारात गेले असते."

आपाच्या बटणाने अमरावतीतही दिवे लागतात, याची त्याला कल्पनाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी जीप काढून आम्ही अकोल्याला गेलो. बाई हट्टाने सोबत आल्या. आपा खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. वाकडी बोटं बटणापर्यंत न्यायला त्यांना बराच वेळ लागला. मग शेजारचा दिवा लागला, आणि बाईंच्या हातातल्या मोबाईलवर उमटलं, 'हॉल चालू'.

बाई खाटेच्या कडेला बसल्या. "महिनाभर मी त्या दिव्यायले शिव्या देऊन राहिली होती," त्या म्हणाल्या. आपांनी मोडक्या शब्दांत माफी मागितली, तशा बाई म्हणाल्या, "माफी कायची, आपा? राहू दे तो हब तुमच्याजवळच."

इलेक्ट्रिशियनने आमच्यासमोरच ते तीन दिवे जुन्या खात्यातून काढले. मी अहवालात लिहिलं : तक्रारीत तथ्य, गुन्हा निष्पन्न नाही, अर्ज निकाली. गल्लीचं काम बाईंनी स्वतः केलं. गुडघे धरत धरत त्या त्याला घेऊन दारोदार फिरल्या आणि प्रत्येकाला घडलेलं सांगितलं. आठवड्याभरात त्याला कामं मिळू लागली.

'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो' हे वाक्य मी नोकरीभर किती जबाबांखाली लिहिलं असेल! त्यातले किती जण स्वतःला नव्हे, दुसऱ्या कोणाला झाकत होते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. उरलेल्या दीड वर्षात ते आधी पाहू लागलो.

माझ्या निवृत्तीनंतर तो इलेक्ट्रिशियन घरी आला, स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन. पाकिटावर माझं नाव वेड्यावाकड्या, थरथरत्या अक्षरांत होतं.

"आपानं लिहिलं, साहेब," तो म्हणाला. "उजव्या हातानं."