सिस्टरबाईंसाठी वेगळा सर्व्हर

माझ्या वर्गात मुलं तिला मोजपट्टी म्हणायची. बाकाची लांबी मोजायला सांगितली, तर ही वर्गातली सगळी बाकं मोजून यायची. बाकं सारखी नसतात, हे मला वीस वर्षं शिकवल्यावर तिच्यामुळे कळलं.

आज ती चाळिशीला टेकली आहे. नोकरी सोडून घरच्या पुढच्या खोलीत तिने स्वतःचं सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं, आणि पहिलंच मोठं काम आमच्या भागातल्या डायलिसिस केंद्राचं मिळालं. दर शनिवारी दहाला पुढच्या आठवड्याच्या वेळा खुल्या होतात, आणि रुग्णांनी त्या घरबसल्या फोनवरून नोंदवायच्या. माझी थोरली बहीण, अक्का, तिथेच जाते; तिची एक पाळी शनिवारी असते, तेव्हा मी सोबत असते.

सुरुवातीला छान चाललं. मग रुग्ण वाढले आणि दहा वाजले की फोनवरचं नोंदणीचं पान नुसतं फिरत बसू लागलं. मुख्य सिस्टर तिला शांतपणे म्हणाल्या, "अजून दोन शनिवार बघते. नाहीतर आपली वही बरी." वही म्हणजे पुन्हा लांबच्या माणसांनी सकाळपासून दारात उभं राहायचं. आणि तिचं दोन वर्षांचं काम कपाटात जायचं.

तिचा भाऊ मोठ्या कंपनीत आहे. त्याने सात सर्व्हरची आकृती काढून पाठवली.

"अगं, अॅप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच सर्व्हरवर? दार उघडायला आणि पोळ्या लाटायला तू एकच माणूस ठेवलायस."

"कळतंय दादा. पण सातांतला एक रुसला तर समजूत कोण घालणार? मी एकटी."

"शिकशील हळूहळू."

"शिकेन की. दोन शनिवारांत नाही."

पहिल्या शनिवारी ती केंद्रातच येऊन बसली, माझ्या आणि अक्काच्या मधल्या खुर्चीत. मांडीवर लॅपटॉप, त्यावर वही. दर मिनिटाला सर्व्हरवर किती भार आहे ते ती लिहीत होती. दहाला गर्दी उसळली, पण सर्व्हरने ती कशीबशी पेलली. दहा वाजून दोन मिनिटांनी मात्र तो एकदम ठप्प झाला. ती उठली आणि आत गेली. मीही मागोमाग गेले.

आत सिस्टर प्रिंटरपाशी उभ्या होत्या.

"काय काढताय, सिस्टर?"

"सगळ्या रुग्णांचा अहवाल. वर्षभराचा."

"दर शनिवारी? आत्ताच?"

"दहाला डॉक्टर राउंडला जातात, तेव्हाच कुठे कॉम्प्युटरपुढची ही खुर्ची मिळते मला. दुपारी रुग्ण बघू की कागद?"

वर्षभराच्या हजारो नोंदी चाळत बसलेल्या डेटाबेसला बाहेरच्या लोकांकडे बघायला सवड कुठून मिळणार? बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, ते बटण दहा ते अकरा बंद करून टाक. झालं."

"नाही बाई. त्यांचं काम खरं आहे, वेळही खरी आहे. मांडणीच माझी चुकली."

त्या आठवड्यात तिने तीन सर्व्हर घेतले. एकावर अॅप्लिकेशन, दुसऱ्यावर डेटाबेस. तिसऱ्यावर त्याच डेटाबेसची प्रत, जी क्षणाक्षणाला आपोआप ताजी होत राहते. सिस्टरांचा अहवाल फक्त या प्रतीतून निघणार. बुधवारी तिने चाचणीसाठी तीनशे खोटे रुग्ण तयार करून एकदम आत सोडले आणि त्याच वेळी अहवालही काढला. त्या तीनशेंत एक नाव माझंही होतं, असं तिने नंतर कबूल केलं.

"तीनच?" भावाने विचारलं.

"तीनच. तिन्ही मला तोंडपाठ आहेत. चौथा लागला तर मोजून सांगेन."

दुसऱ्या शनिवारी ती पुन्हा तिथेच बसली होती. मांडीवर लॅपटॉप, त्यावर तीच वही. दहा वाजले. अक्काने माझ्या हातून फोन घेतला, मंगळवारची सकाळ स्वतः निवडली आणि परत दिला. "झालं," ती म्हणाली. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ मुलीला फोन करून सांगत होते, की निघू नकोस, मिळाली वेळ. आतून प्रिंटरचा आवाज येऊ लागला.

सव्वादहाला सिस्टर कागदांचा गठ्ठा घेऊन दारात आल्या.

"आज बंद पडलंय का गं पार? तक्रारीचा एकही फोन नाही."

"चालू आहे, सिस्टर. सगळ्या वेळा भरल्या."

सिस्टरांनी एकदा टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"आणि माझा अहवालही निघाला," त्या म्हणाल्या. "मग ठेवू या हेच. डॉक्टरांना मी सांगते."