पायलट व्हायसाठी सव्विसाव्या वर्षी बारावीचं गणित

मंडळी, आज वाशिमले बारावीच्या गणिताचा पेपर देऊन आली.

वर्गाच्या दारातच सरांनी विचारलं, "मॅडम, तुमची ड्युटी इथंच काय?"

"ड्युटी नाही सर, माझाच पेपर हाये."

आमच्या केनवड गावची हुशार पोर म्हणजे डॉक्टरच होईन, म्हणून अकरावीत सगळ्यांनी मले गणित सोडायले लावलं. डॉक्टर काही झाली नाही. अन् पायलटच्या लायसनले बारावीत फिजिक्ससंगं गणितही लागते.

"आता या वयात गणित कायले?" सर म्हणे.

"विमान चालवाचं हाये."

सर हसले नाहीत. "नंबर खिडकीपाशी हाये तुझा. तीन तास आभाळाकडे पाहू नको."

नाही पाह्यलं. पेपर झकास गेला. आता लायसनची मेडिकल तपासणी अन् उड्डाणाचे दोनशे तासही होतील.

पोरीचे विषय ठरवताना तुमच्या घरी पोरीले कोणी विचारलं काय?